पाचाची बत्ती

शनिवारी काम सुटल्यावर थोरला मुकादमाच्या खोलीपुढे जाऊन उभा राहिला. मुकादम दगडावर बसून पाय धूत होता. त्याने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा टाच घासायला लागला.

"उद्या सामना आहे," थोरला म्हणाला.

"मग खेळा. मी काय मैदानात आडवा झोपलोय?"

"उद्या सुरुंगाला बत्ती आहे म्हणे."

"आहे. पाऊस डोक्यावर आलाय. एकदा खाणीत पाणी भरलं की चार महिने बेडकं राखत बसायचं. ठेकेदाराला आता रविवार नाही की सोमवार नाही." मुकादमाने रिकामा तांब्या पुढे केला. "त्या पिंपातलं पाणी घे. ओत जरा. वाकलं की पाठ धरते माझी."

थोरल्याने तांब्या भरला. मुकादमाने पाय लांब केला आणि थोरला त्यावर बारीक धार धरून ओतू लागला. शेजारच्या वाटेने माणसं घरी चालली होती. त्यांत त्याच्या संघातले चौघे होते. आपल्या कप्तानाला तसं वाकलेलं बघून त्यांनी माना वळवल्या, आणि आपण काही पाहिलं नाही हे दाखवायला मोठमोठ्याने बोलत निघून गेले.

"सामना कितीचा?"

"तीनला सुरू. साडेचारच्या आत संपतो."

"मग पाचाला बत्ती. पाच म्हणजे पाच. आठ भोकं भरून ठेवायची आणि त्यावर बसून राहायचं, असला धंदा मी करत नाही. ओत, दुसऱ्या पायावर ओत. आणि तुझ्या खोलीचं काय?"

"महिनाअखेरपर्यंत सांगितलंय ना तुम्ही."

"मी सांगितलंय, पण ठेकेदार मला विचारतो. खोलीमागे दोन पुरुष कामाला, हा नियम माझ्या आधीपासूनचा आहे. म्हातारा खाटेला लागून सहा महिने झाले. घरात तरणाताठा भाऊ आहे, आणि तो सुताराकडे रंधा मारतो. काय, राजपुत्र आहे का?"

थोरला दुसऱ्या पायावर धार धरून राहिला. पाणी संपलं तेव्हा तांब्या पिंपावर पालथा घालून तो निघाला. वाटेत त्याने हात विजारीला पुसले. ते कधीच कोरडे झाले होते, तरी घरापर्यंत पुसतच राहिला.

खोली एकच होती. मधे पडदा. दाराजवळ वडिलांची, म्हणजे आबांची खाट, कारण आतल्या अंगाला त्यांना हवा पुरत नसे. तीस वर्षं आबांनी दगडाला भोकं पाडली होती. भोक पाडताना उडणारा पांढरा भुगा त्यांच्या छातीत जाऊन बसला तो बसलाच. आता ते बोलायचे तेही श्वासांच्या मधल्या जागेत, एकेक तुकडा.

थोरल्याची बायको, धाकट्याची वहिनी, त्यांच्या पाठीला तेल चोळत होती. धाकटा उंबऱ्यावर बसून हॉकी स्टिकला नवी पट्टी गुंडाळत होता. वयाने वीस, अंगाने काटक. तळहात सुतारकामाने थोडे घट्ट झालेले, पण खाणीतल्या माणसाचे नव्हेत. खाणीत त्याने अजून पाऊल टाकलं नव्हतं. थोरल्यानेच टाकू दिलं नव्हतं. घरातली दोन माणसं दगडाने खाल्ली, तिसरं खायला द्यायचं नाही, एवढं त्याने कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं.

आणि आता बाहेर पडायची वाट दिसत होती. सूतगिरणीचा साहेब दरवर्षी दोन खेळाडू कामावर घ्यायचा, राहायला खोली द्यायचा. गेल्या महिन्यात त्याने धाकट्याला खेळताना पाहिलं आणि थोरल्याला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगा मला हवा. पण आमचा नियम आहे, माणूस लीगच्या पहिल्या गटातल्या संघातलाच घेतो. तुम्ही गटात टिका, पुढचं माझ्याकडे." खाणीचा संघ तेव्हा शेवटून दुसरा होता. उद्याचा गिरणीविरुद्धचा सामना शेवटचा. बरोबरी झाली तरी टिकत होते. हरले तर खालच्या गटात.

"काय म्हणाला?" आबांनी विचारलं.

"पाचाला देतो म्हणाला बत्ती. आधी नाही."

"सरळ म्हणाला?"

"हं."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचं विचारलं नाही. मग म्हणाले, "पाचाच्या आत संपवा. शिट्टी ऐकली तर... पोरं पडतील."

सुरुंगाला बत्ती देण्याआधी मुकादम दोन लांब शिट्ट्या मारायचा. त्या ऐकल्या की हातातलं टाकायचं, पालथं पडायचं, डोक्यावर हात घ्यायचे, आणि धमाका होऊन तिसरी आखूड शिट्टी येईपर्यंत हलायचं नाही. हे आबांनीच थोरल्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. शिट्टी ऐकल्यावर विचार करायचा नाही, असं ते सांगायचे. विचार करत उभे राहिलेले दोघे त्यांनी स्वतः गोणीत भरून वर आणले होते.

"मैदान लांब आहे आबा," थोरला म्हणाला. "तिथवर धूळ येते नुसती."

"मला सांगू नको," आबा म्हणाले. "अंगाला सांग."

"आबा, उद्या अंगाला सांगतो मी दादाच्या," धाकटा म्हणाला. "चौतीस वर्षांचं झालंय ते, ऐकतं कमी. पण सांगून बघतो."

वहिनी हसली. आबा हसायला गेले आणि त्यांना खोकला लागला. वहिनीने पुन्हा पाठ चोळायला घेतली.

रविवारी सकाळी दोघा भावांनी मैदान झाडलं. ते मूळचं मैदान नव्हतंच. जुन्या खाणीतला दगड संपल्यावर उरलेली ती सपाट जागा, त्यावर माती ओढून केलेली. ऊन असं की ओतलेलं पाणी माती पिऊन टाकायची आणि पुन्हा तोंड उघडायची. दुपारी वहिनीने आणि धाकट्याने आबांना हातगाडीवर घालून आणलं, गाडी कडेच्या झाडाखाली लावली, चाकांना दगड लावले. आबांनी सदरा धुतलेला घातला होता.

तीन वाजले. गिरणीवाले आले नाहीत. सव्वातीन झाले.

"घाबरले," गोलकीपर म्हणाला. त्याला सगळे पिंप म्हणत.

"तुला बघून कुणीही घाबरेल," उजव्या बाजूचा हाफ म्हणाला. त्याचं तोंड कधी बंद नसे, म्हणून तो रेडिओ. "गोल दिसतच नाही तुझ्यामागे. फसवणूक आहे ही."

साडेतीनला गिरणीचा ट्रक आला. वाटेत चाक फुटलं होतं. एकसारखे निळे शर्ट, एकसारखे बूट. खाणवाल्यांत तिघांचे बूट उसने होते आणि एकाचे तर दोन वेगळे होते. साहेब पुढच्या सीटवरून उतरला, छत्री उघडून खुर्चीवर बसला. बाहेरून आलेल्या पंचाने घड्याळ पाहिलं. पावणेचारला खेळ सुरू झाला.

पहिली दहा मिनिटं गिरणीवाल्यांनी खाणीला श्वास घेऊ दिला नाही. ते पळत चांगले, चेंडू एकमेकांना देत चांगले. खाणवाले आडवे येत. अठरा वर्षं घण मारलेल्या माणसाच्या मनगटात जी ताकद असते ती सगळी थोरला चेंडू अडवायला लावत होता. एकदा चेंडू त्याच्या नडगीवर असा बसला की कडेच्या लोकांना आवाज ऐकू आला. तो लंगडला नाही. गिरणीच्या उंच फॉरवर्डने जवळून जाताना विचारलं, "लागलं का?"

"दगडाचा पाय आहे," थोरला म्हणाला. "तुमचा चेंडू बघा फुटला का."

मग शॉर्ट कॉर्नर मिळाला आणि त्याच उंच फॉरवर्डने पिंपाच्या डाव्या बाजूने गोल केला. एक-शून्य.

धाकट्याने तो फेडला मध्यंतराला चार मिनिटं असताना. थोरल्याने मधून लांब चेंडू दिला. धाकट्याने तो पळता पळता उजव्या बाजूला घेतला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला नुसतं खांद्याने फसवलं, आणि कीपर पुढे आल्यावर त्याच्या पायांतून हळूच ढकलला. जोर लावलाच नाही. झाडाखाली आबांनी हातगाडीच्या कडेवर थापा मारल्या. साहेबाने छत्री या हातातून त्या हातात घेतली.

मध्यंतरात सगळे झाडाखाली बसले. वहिनी पाणी देत होती. रेडिओने साहेबाच्या मनगटावरचं घड्याळ लांबूनच पाहून घेतलं होतं.

"कप्तान, साडेचार झाले. संपायला पाच उलटून पाच-सात मिनिटं होतील. पाचाला बत्ती आहे."

"माहीत आहे."

"मुकादमाला निरोप धाडला पाहिजे. दहा मिनिटं पुढे ढकल म्हणावं."

"मी जाऊ का?" वहिनी म्हणाली. "टेकडीवरून गेले तर दहा मिनिटांत पोचेन. तुमचं नाव सांगते."

थोरल्याने तोंडात घेतलेलं पाणी गिळलं नाही. ते बाहेर थुंकलं. त्याच्या डोळ्यांपुढे कालची ती ओली टाच आली. चौघे पाठ फिरवून गेलेले आत्ता समोरच बसले होते.

"काही जायला नको," तो म्हणाला. "एकदा विचारलंय. पुन्हा पुन्हा त्याच्या दारात कोण जाणार?"

"मी जाते म्हणते ना. तुम्हाला कुठे जायचंय?"

"बस म्हटलं ना." आवाज हवा होता त्याहून मोठा झाला. मग तो उठून सगळ्यांकडे वळला. "ऐका. शिट्टी वाजली तर वाजू दे. इथे खडा पण येत नाही. कुणी पडायचं नाही. चेंडूकडे बघायचं. कळलं?"

"कळलं," पिंप म्हणाला.

"मी तर आता उभाच राहणार," रेडिओ म्हणाला. "घरी जाऊन पण झोपणार नाही."

आबा हातगाडीवरून थोरल्याकडे पाहत होते. त्यांना काही म्हणायचं होतं, पण तेवढा श्वास जमेपर्यंत पंचाने बोलावलं.

दुसऱ्या अर्ध्यात खेळ नव्हता, झुंज होती. गिरणीवाल्यांनाही आता राग आला होता. धुळीने घाम मातकट झाला, ओठांना चव खडूची. एका खाणवाल्याच्या भुवईवर स्टिक लागली. वहिनीने पदराची चिंधी फाडून बांधली आणि तो परत आत गेला. पिंपाने तीन गोल वाचवले, त्यातला एक पोटाने. थोरल्याचा गुडघा सुजला होता आणि वाकवताना आत कुणीतरी चिमटा घेतल्यासारखं व्हायचं, पण मधली जागा त्याने सोडली नाही. एक-एक. वेळ जात होता तो आपल्या बाजूने जात होता. उरलेली पाच मिनिटं संपली की गट टिकतो. गट टिकला की गिरणीची खोली, आणि त्या खोलीत आबांच्या खाटेला खिडकी.

गिरणीवाल्यांचा हल्ला उलटून आला. उंच फॉरवर्ड चेंडू घेऊन मधून निघाला. थोरला गोलापुढे त्याच्यासमोर उभा राहिला. पाय रुंद, स्टिक जमिनीला टेकलेली, डोळे चेंडूवर. फॉरवर्डला डावीकडे जायचंय हे त्याला त्याच्या खांद्यावरून कळलं होतं. चेंडू तो घेणार होता.

टेकडीपलीकडून शिट्टी आली. लांब. मग दुसरी, तेवढीच लांब.

पुढचं त्याला आठवत नव्हतं. छातीखाली माती होती, डोक्यावर हात होते, कोपरं कानांना घट्ट. तोंडात धूळ. आपण पडलो हे त्याला पडल्यावर कळलं. त्याच्या मागोमाग भराभर पडल्याचे आवाज आले. हाफ पडले, बॅक पडले. पिंप गोलात पालथा झाला. सगळ्यांच्या आधी पडला होता तो कप्तान, आणि त्याच्याकडे बघून उरलेल्यांनी धीर सोडला.

आधी गिरणीवाले हसले. मग उंच फॉरवर्डने चेंडू स्टिकने थोपवून पंचाकडे पाहिलं. पंचाने हात पुढे केला, खेळ चालू. फॉरवर्ड दोन पावलं पुढे गेला आणि पिंपाच्या डोक्यावरच्या हातांशेजारून त्याने चेंडू ढकलला. लहान मूल ढकलतं तसा. तो सावकाश गोलात गेला. दोन-एक.

जमिनीतून धमाका आला. पोटाला कळला, मग कानाला. त्याच वेळी थोरल्याच्या पाठीवर कुणाचा तरी हात पडला. "दादा! दादा!" धाकट्याचा आवाज होता. सगळ्या संघात उभा होता तो एकटा. पलीकडच्या टोकापासून धावत आला होता.

तिसरी शिट्टी झाली तेव्हा सगळे उठले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. झाडाखाली हातगाडीवर आबा अंगाचं मुटकुळं करून पडले होते, डोक्यावर हात. वहिनी त्यांच्या बोटांना धरून एकेक सोडवत होती.

"पंच, ती शिट्टी..." थोरला म्हणाला.

"माझी नव्हती," पंच म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. "मी शिट्टी मारली नाही तर खेळ चालू. मला दुसरं काही करता येत नाही."

उंच फॉरवर्ड जवळ आला. "मी थांबायला हवं होतं," तो पुटपुटला.

"थांबला असतास?"

फॉरवर्डने बुटाने माती उकरली. "नाही," तो म्हणाला.

उरलेली चार मिनिटं खाणवाले वेड्यासारखे खेळले. धाकट्याचा एक फटका खांबाला लागून परत आला. त्या आवाजावर सगळे एकदा ओरडले. मग पंचाची शिट्टी झाली, आणि ती ऐकून या वेळी कुणीच पडलं नाही.

साहेब छत्री मिटून ट्रकपाशी गेला होता. थोरला त्याच्यापुढे उभा राहिला. काय बोलायचं हे त्याने येताना ठरवलं होतं, पण साहेबच आधी बोलला.

"पोरगा चांगला आहे. आजही चांगला खेळला. पुढच्या वर्षी तुम्ही वर आलात तर बघू."

"साहेब, पुढच्या वर्षी तो खाणीत असेल. पहिल्या महिन्यातच मनगट जड होतं. मग स्टिक चालत नाही."

"नियम माझा एकट्याचा नाही हो," साहेब म्हणाला आणि ट्रकमध्ये चढला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी धाकट्याने सुताराचा रंधा परत केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ एका वाटेने निघाले. आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून होते. जागे होते, पण वळले नाहीत. मुकादमाने धाकट्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, खूण करून घण दाखवला, आणि पहिल्यांदाच थोरल्याला "या" म्हणाला.

थोरल्याने भावाला आपल्या उजव्या हाताला ठेवलं, वारा येत होता त्या बाजूला, म्हणजे भुगा आपल्याकडे येईल. घण कुठे धरायचा, पाय किती अंतरावर ठेवायचे, दगडाची रेघ कशी बघायची, सगळं दाखवलं. दुपारपर्यंत धाकट्याने दोनच विनोद केले. दुपारनंतर एकही नाही.

दिवस मावळायच्या आत दोघे जेवायला बसले. धाकट्याने घास करायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला. बोटं मिटत नव्हती. तळहातावर चार फोड फुटले होते, मधे कपच्या रुतून बसल्या होत्या. त्याने डाव्या हाताने प्रयत्न केला. तोही तसाच होता.

"दे इकडे," वहिनी म्हणाली आणि ताट आपल्याकडे ओढलं.

"राहू दे वहिनी. मी काय तान्हा आहे का?"

"तान्हा बरा असतो. गप गिळतो तरी."

ती खरोखर हसायला गेली होती. पण मग पाणी आणते म्हणून उठली आणि बाहेरच थांबली.

थोरला आपल्या ताटाकडे बघत होता. त्या रविवारपासून दोघांत सामन्याचा विषय निघाला नव्हता. खाणीत बाकीचेही काढत नव्हते. तो म्हणाला, "आठ दिवस दुखतं. मग कातडं जाड होतं."

"हं."

मग थोरला म्हणाला, "त्या दिवशी मी पडलो नसतो तर..."

"दादा, ते सोड."

"नाही, बोलू दे. दुसऱ्यांना सांगितलं आणि आधी मीच पडलो. तू एकटा उभा होतास. एवढ्या लांबून आलास. चार पावलं आधी आला असतास तर चेंडू मिळाला असता तुला."

धाकटा फोडांकडे बघत होता. म्हणाला, "चेंडू मिळत होता मला."

थोरल्याने मान वर केली.

"माझ्या पुढूनच गेला तो. सावकाश जात होता. स्टिक टाकली असती तर अडला असता." धाकट्याने खांदा उडवला. "पण तूच म्हणाला होतास ना, कुणी पडायचं नाही. दादा म्हणतो पडायचं नाही, आणि दादाच पडला. मला वाटलं, तुला काहीतरी लागलं. दगडबिगड. मी चेंडूकडे बघितलंच नाही रे. तुझ्याकडे आलो."

बाहेर वहिनीने पाण्याच्या पिंपाचं झाकण लावल्याचा आवाज आला. खाटेवर आबांचा श्वास वर गेला, अडकला, खाली आला.

थोरल्याने भावाचं ताट आपल्या ताटाला लावून घेतलं. एक घास केला, लहान केला, आणि त्याच्या तोंडाशी धरला. धाकट्याने तो मान पुढे करून घेतला. मग थोरल्याने दुसरा घास केला.